मारुती ८०० चे इंजिन : रचना, आकडे आणि नेहमीची दुखणी

मारुती ८०० मधले इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे आणि पेट्रोलवर चालणारे. सुझुकीच्या यादीत त्याचे नाव एफ८बी. १४ डिसेंबर १९८३ रोजी या गाडीची पहिली चावी ग्राहकाच्या हाती पडली आणि १८ जानेवारी २०१४ रोजी गुडगावच्या कारखान्यात तिचे उत्पादन थांबले. या तीस वर्षांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले, पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले, धुराच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसला. पण सिलिंडरचा व्यास, पिस्टनची चाल आणि ब्लॉकची मूळ घडण तीच राहिली. ओम्नी व्हॅनमध्येही हेच इंजिन पुढच्या सीटांखाली बसले. भारतात एवढा दीर्घकाळ आणि एवढ्या संख्येने चाललेले मोटारीचे दुसरे पेट्रोल इंजिन क्वचितच सापडेल. त्यामुळे त्याची दुखणीही पुरती पाठ झालेली आहेत. कोणत्या आकड्यातून कोणते दुखणे निघते, हे या एका इंजिनावर जितके स्वच्छ दिसते तितके नव्या, झाकल्या-पाकल्या इंजिनांवर दिसत नाही.

इंजिनाचा आकार ठरला तो जपानमध्ये. तिथल्या 'केई' वर्गातल्या छोट्या गाड्यांना त्या काळी ५५० सीसीची मर्यादा होती आणि सुझुकीची घरची छोटी गाडी ५४३ सीसीवर चालत होती. परदेशी बाजारांत ही मर्यादा नसल्याने तिथे त्याच छोट्या गाडीत मोठे, ७९६ सीसीचे इंजिन बसवले जाई. भारताने निवडला तो हा ८०० सीसीचा अवतार. जिप्सीत आणि मारुती १००० मध्ये आलेले ९७० सीसीचे चार सिलिंडरी इंजिन याच कुळातले. दोघांत पिस्टनची चाल ७२ मिलिमीटरच आहे.

मूळ आकडे असे. सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर, पिस्टनची चाल ७२ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडर साधारण २६५ सीसीचा. कॉम्प्रेशन रेशो सुमारे ८.७. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे. कॅमशाफ्ट एकच आणि तोही हेडवर. दर सिलिंडरला दोन, असे एकूण सहा व्हॉल्व्ह. कॅमशाफ्ट फिरतो तो दातेरी रबरी पट्ट्याने, म्हणजे टायमिंग बेल्टने. कार्बोरेटरच्या इंजिनाची ताकद ३९ अश्वशक्तीच्या आसपास होती. पुढे प्रदूषणाच्या नियमांनुसार इंजेक्शन आल्यावर ती मिनिटाला ५००० फेऱ्यांवर ३७ झाली. टॉर्क ५९ न्यूटन मीटर, आणि इंजेक्शनच्या इंजिनात तो २५०० फेऱ्यांवरच मिळतो.

या आकड्यांचे मोल तेव्हाच्या गाड्यांशेजारी ठेवले म्हणजे कळते. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे, आणि ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. म्हणजे जवळजवळ तीनशे सीसी कमी असूनही मारुती ताकदीत तिच्या बरोबरीला येत होती, आणि ओढायचे वजन पाव टनाने कमी होते. पिकअपची जी तारीफ झाली ती इंजिनाइतकीच या हलक्या वजनाची होती. पिस्टनची चाल व्यासापेक्षा थोडी जास्त असल्याने कमी फेऱ्यांवर ओढ चांगली मिळते. शहरात तिसऱ्या गिअरवर गाडी रेंगाळू शकते ती यामुळे. ५५०० फेऱ्यांवरही पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला तेराएक मीटरच भरतो. धातूवर ताण बेताचा आहे. ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन आपणहून मोडल्याचे या इंजिनात फारसे ऐकू येत नाही. मोडते ते त्यांच्या भोवतालचे : पाण्याची व्यवस्था, रबराचे भाग, पेट्रोलची वाट आणि ठिणगी.

तीन सिलिंडर ही या इंजिनाची सर्वांत ठळक खूण. क्रँकचे तीन गुडघे एकमेकांशी १२० अंशांत असतात आणि दर २४० अंशांनी एक सिलिंडर पेटतो. वर-खाली जाणाऱ्या पिस्टनांची बळे एकमेकांना छेदतात खरी, पण ती एका रेषेत नसल्याने इंजिन दोन टोकांना आळीपाळीने झुलते. ही झुलण थोपवायला काही इंजिनांत वजनाचा वेगळा दांडा फिरवतात. इथे तो नाही. सगळा भार रबरी माउंटिंगवर टाकलेला आहे. म्हणून स्लोवर स्टिअरिंग आणि आरसा थरथरू लागला की आधी माउंटिंग पाहावे. रबर तडकले किंवा तेलाने फुगले की निरोगी इंजिनही आजारी वाटते, आणि गॅरेजात विनाकारण कार्बोरेटर उघडला जातो. दुसरी गोष्ट अशी की तीनपैकी एक सिलिंडर बंद पडला की तिसरा हिस्सा ताकद जाते. चार सिलिंडरच्या गाडीत मिसिंग अंगावर काढत घरी पोहोचता येते. इथे चढावर गाडी पहिल्या गिअरखेरीज हलत नाही.

सर्वांत महागडे दुखणे गरम होण्याचे. बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड बोल्टांनी आवळलेले असते आणि मध्ये गॅस्केट. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ठरलेल्या तापमानापर्यंत गॅस्केट हा फरक सोसते. पाणी कमी पडून इंजिन एकदा का बेसुमार तापले की हेड वाकते, गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद पट्टीवर किंवा पाण्याच्या वाटेशी फाटते, आणि जळता वायू पाण्यात किंवा पाणी सिलिंडरात शिरते. यालाच गॅस्केट उडणे म्हणतात. मेच्या दुपारी कसारा किंवा खंबाटकी घाट चढताना बॉनेट उघडून थांबलेल्या गाड्यांची कहाणी बहुधा इथे पोहोचते, पण तिची सुरुवात फार आधी, एखाद्या स्वस्त भागापाशी झालेली असते.

त्या स्वस्त भागांत पहिला रेडिएटरचा कॅप. त्यातली स्प्रिंग पाण्यावर सुमारे ०.९ किलोचा दाब धरून ठेवते आणि त्या दाबाखाली साधे पाणी १०० ऐवजी जवळजवळ १२० अंशांवर उकळते. स्प्रिंग ढिली पडली किंवा खालचे रबर चिरले की ही वीस अंशांची सवलत गेली. दुसरा भाग पंख्याचा थर्मोस्विच. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो; वाहत्या रस्त्यावर तो नसला तरी वाऱ्यावर भागते, पण ट्रॅफिकमध्ये पंखा लागला नाही तर काही मिनिटांत काटा वर जातो. तिसरा वॉटर पंप. त्याचे सील झिजले की पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पाणी ठिबकू लागते. हे भोक मुद्दाम ठेवलेले असते, सील गेल्याचे बाहेरून कळावे म्हणून. ते एम-सीलने बुजवणारे कारागीर आजही भेटतात. मग पाणी बेअरिंगमध्ये जाते आणि पंप बसतो.

कूलंटच्या जागी नळाचे किंवा बोअरचे पाणी भरणे ही या गाडीच्या वाट्याला आलेली सर्वांत हानिकारक सवय. बीड आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात असले की गंज वेगाने धरतो. तांबडा गाळ रेडिएटरच्या नळ्यांत बसतो आणि ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या टोप्या आतून कुरतडल्या जातात. अशी टोपी एखाद्या दिवशी चालत्या गाडीत भोक पाडून घेते आणि सगळे पाणी रस्त्यावर जाते. इथे एक सापळा आहे. तापमापकाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तेव्हाच खरे तापमान सांगतो. पाणी संपूर्ण गेले तर तो कोरड्या वाफेत लोंबतो आणि चढलेला काटा चक्क खाली येऊ शकतो. चालकाला वाटते गाडी थंड झाली. हेड मात्र त्याच वेळी वाकत असते. चढलेला काटा कारण नसताना उतरला तर तिथेच थांबावे.

गरम होण्यावर रस्तोरस्ती केला जाणारा इलाज म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणे. त्याने काटा खाली राहतो हे खरे, पण इंजिन नेहमीच अर्धवट थंड चालते. पेट्रोल नीट वाफाळत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते, ॲव्हरेज घटते आणि झीज वाढते. इंजेक्शनच्या गाडीत तर कंट्रोल युनिटला इंजिन थंडच आहे असे वाटत राहते आणि ते पेट्रोल वाढवत जाते. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर बदलावा. त्याविना गाडी चालवणे हा इलाज नव्हे. ओम्नीत आणखी एक बारकावा आहे. इंजिन सीटखाली आणि रेडिएटर पुढच्या तोंडाशी, त्यामुळे पाण्याचे होस लांब पडतात. पाणी बदलल्यावर त्या वाटेत हवा अडकते, आणि ती काढली नाही तर नवा पंप, नवा थर्मोस्टॅट घालूनही गाडी तापतच राहते.

गॅस्केट गेले की नाही हे ओळखण्याच्या खुणा अनेक आहेत, पण एकट्या कुठल्याही खुणेवर विसंबू नये. इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही असा पांढरा धूर, रेडिएटरमध्ये सतत येणारे बुडबुडे, गळती न दिसता घटणारे पाणी, ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय. ही साय रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत थंडीच्या दिवसांत नुसत्या दमटपणानेही धरते. तेवढ्यावर हेड उघडायला घेणे हा खर्च वाया. कॉम्प्रेशन मोजून शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर मात्र शंका राहत नाही. हेड उतरवल्यावर सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून त्याचा वाक पाहतात, ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त असला तर फेस मारावा लागतो. नवे गॅस्केट बसवताना बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आणि टॉर्क रेंचने आवळायचे असतात. नुसत्या हाताच्या अंदाजाने आवळलेले हेड काही महिन्यांत पुन्हा उघडावे लागते, आणि दोष गॅस्केटच्या कंपनीवर जातो.

टायमिंग बेल्टचे दुखणे याच्या उलट. ते आधी काहीच सांगत नाही. प्लास्टिकच्या झाकणाआड हा पट्टा निमूट फिरत असतो आणि ज्या दिवशी त्याचे दात झडतात त्या दिवशी गाडी चालता चालता बंद पडते. स्टार्टर मारला की इंजिन नेहमीपेक्षा भराभर, हलके आणि एकसुरी फिरते; व्हॉल्व्ह हलत नसल्याने कॉम्प्रेशनची नेहमीची लय ऐकू येत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या गाड्यांत खात्री करणे सोपे आहे. डिस्ट्रिब्युटरला फेरा कॅमशाफ्टकडूनच मिळतो. त्याचे झाकण काढून दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगावे. आतला रोटर जागचा हलला नाही तर बेल्ट गेला. बेल्टचे आयुष्य किलोमीटरइतकेच वर्षांनीही संपते, कारण रबर उभ्या गाडीतही वाळते. त्याला वेळेआधी मारणारे कारण म्हणजे क्रँकच्या पुढच्या सीलमधून झिरपणारे ऑइल. म्हणून बेल्ट बदलताना ते सील आणि टेन्शनरही बदलणे शहाणपणाचे. मजुरी एकच पडते.

ऑइलचा साठा लहान आहे, तीन लिटरांच्या आत-बाहेर. मोठ्या इंजिनात अर्धा लिटर कमी झाले तर चालून जाते; इथे तो सहावा हिस्सा. डॅशबोर्डवरचा लाल दिवा पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो, आणि तोही दाब जवळपास संपल्यावर. वळणावर तो क्षणभर लुकलुकला तर सम्पमधले ऑइल पंपाच्या तोंडापासून सरकले एवढा त्याचा अर्थ, आणि तेवढ्या क्षणात क्रँकच्या शेलवर, म्हणजे बेअरिंगच्या कवचांवर, ओरखडे उमटतात. गळतीच्या जागा ठरलेल्या आहेत : टॅपेट कव्हरचे रबर, डिस्ट्रिब्युटरचे बूड, क्रँकची दोन्ही सीले. इंजिन ऑइल पिते तेव्हा कारण धुराच्या वेळेवरून कळते. सकाळी स्टार्ट करताना किंवा घाट उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताना निळा भपकारा येत असेल तर व्हॉल्व्हची रबरी सीले कडक झाली आहेत. हे काम किरकोळ आहे. चढावर, भर ताकदीत सतत निळा धूर असेल तर रिंगा गेल्या. हा फरक न पाहता 'इंजिन काम' काढणारे गॅरेज मालकाला दहापट खर्चात टाकते.

टॅपेटची फट या इंजिनात हाताने लावायची असते. ती मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांची. त्यासाठी रॉकरवर स्क्रू आणि नट दिलेला आहे. फट वाढली की टकटक ऐकू येते आणि माणूस गॅरेजात जातो. फट कमी होते तेव्हा मात्र आवाज उलट कमी होतो, आणि तीच जास्त धोक्याची. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, सीटकडे उष्णता देऊ शकत नाही आणि त्याची कड जळते. शांत टॅपेट म्हणजे निरोगी टॅपेट, हा समज फार गाड्यांना भोवला आहे. गॅसवर चालवलेल्या गाड्यांत हे हमखास घडते : एलपीजी आणि सीएनजी कोरडे जळतात, एक्झॉस्टच्या सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतात आणि फट मिटत जाते. गॅस किट बसवलेल्या गाडीची टॅपेट पेट्रोलच्या गाडीपेक्षा लवकर तपासली पाहिजेत.

कार्बोरेटर मिकुनी घराण्याचा, दोन नळ्यांचा. पहिली नळी रोजच्या चालीसाठी, दुसरी पूर्ण ॲक्सिलरेटरवर उघडते. त्याची दुखणी बारीकसारीक पण छळणारी. स्लोच्या जेटमध्ये कचरा आला की गाडी चालताना ठीक आणि सिग्नलला बंद. ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा फाटला की पाय दाबताच गाडी क्षणभर गुदमरते आणि मग पळते. स्लोची वाट उघडणारा विजेचा व्हॉल्व्ह आहे. त्याची वायर सुटली तरी लक्षण कचऱ्यासारखेच, म्हणून जेट साफ करण्याआधी ती वायर पाहणे बरे. पेट्रोल पंप यांत्रिक, कॅमशाफ्टच्या रेट्याने चालणारा. त्याचा पडदा फाटला तर पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरते : गेजपट्टीवर पातळी वाढलेली दिसते आणि ऑइलला पेट्रोलचा वास येतो. ऑइल वाढलेले पाहून आनंद मानू नये. पातळ झालेल्या ऑइलवर शेल टिकत नाहीत.

ठिणगीचा शत्रू महाराष्ट्रात पाऊस. सुरुवातीच्या गाड्यांत पॉइंट आणि कंडेन्सर होते. पॉइंटची फट सरकली की टायमिंगही सरकायचे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनने हे संपले, पण डिस्ट्रिब्युटरचे झाकण आणि प्लगच्या जाड वायरी राहिल्या. झाकणाला केसाएवढी चीर गेली की कोकणातल्या दमट सकाळी वीज त्या चिरेतून वाट काढते आणि गाडी मिसिंग मारते. ऊन पडले की दुखणे गायब. असे दुखणे शोधायला रात्र बरी. अंधारात, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडले आणि वायरींवर किंचित पाणी फवारले की जिथे वीज गळते तिथे निळसर ठिणग्या लुकलुकताना दिसतात. हात मात्र लांब ठेवावा. प्लग काढून त्याचा रंग पाहणे ही सर्वांत स्वस्त तपासणी. विटकरी-तपकिरी असला तर सगळे ठीक, कोरडा काळा असला तर पेट्रोल जास्त, ओला काळा असला तर ऑइल, पांढराफटक असला तर मिश्रण पातळ किंवा इंजिन तापलेले.

पुराच्या पाण्याचा प्रश्न वेगळा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्या दिवशी बुडालेल्या गाड्यांत इंजिने गेली ती बऱ्याचदा पाणी ओसरल्यावर, स्टार्टर मारल्याने. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टनच्या वरच्या जागेत मावणार नाही एवढे पाणी सिलिंडरात असताना पिस्टन वर रेटला की कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेल्या गाडीचे तिन्ही प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढावे. ऑइल आणि फिल्टर बदलावे. त्यानंतरच स्टार्टरला हात लावावा.

इंजेक्शन आले ते नियमांच्या रेट्याने. एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळू लागले. शिसे कन्व्हर्टरच्या मौल्यवान लेपावर बसले की तो निकामी होतो, म्हणून हे दोन निर्णय जोडीने यावे लागले. पाठोपाठ आलेले कडक नियम साध्या कार्बोरेटरला पेलणारे नव्हते. इंजेक्शनने चोक संपवला, थंडीतला स्टार्ट सोपा केला आणि ॲव्हरेज स्थिर केले. त्याची दुखणी कमी, पण डोळ्यांना न दिसणारी. थ्रॉटलच्या पाकळीवर कार्बन साचला की स्लो वर-खाली होतो. साफ केले की सुटते. पेट्रोलचा पंप आता टाकीत आहे आणि तो भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहतो. नेहमी रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचा पंप लवकर जातो तो त्यामुळे. ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झाला की इंजिन चालू राहते, फक्त पेट्रोल जास्त खाते. अशा वेळी सेन्सर बदलण्याच्या आधी वायरींचे जोड आणि अर्थिंग पाहावे. जुन्या गाडीत निम्मे दोष तिथेच सापडतात.

याच ब्लॉकच्या मापांवर दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेले एफ८डी इंजिन आले. ते २००० साली अल्टोत बसले आणि मारुती ८०० च्या पाच गिअरच्या गाडीलाही मिळाले. ताकद सुमारे ४६ अश्वशक्ती, पण ती ६००० फेऱ्यांच्या पुढे. टॉर्क ६२ न्यूटन मीटर, म्हणजे शहराच्या चालीत फरक थोडका, हायवेवर जास्त. २०१२ च्या अल्टो ८०० मध्ये तेच इंजिन ६९ न्यूटन मीटरपर्यंत नेले गेले आणि २०२३ साली ती गाडी बंद झाली. बेल्ट, गॅस्केट आणि पाण्याविषयी वर जे आले ते या इंजिनालाही लागू आहे.

आजच्या पेट्रोलने जुन्या इंजिनांपुढे नवा प्रश्न उभा केला आहे. वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये, लिटरमागे, शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के उष्णता कमी. इंजेक्शनची गाडी ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे मिश्रण बऱ्याच अंशी सावरून घेते. कार्बोरेटरला ते कळत नाही. त्याचे मिश्रण पातळ होते, इंजिन तापट चालते आणि पिकअप मंदावतो. जुने पडदे, होस आणि फ्लोटच्या सुईची रबरे इथेनॉलसाठी बनलेली नाहीत. ती फुगतात किंवा तडकतात. टाकीच्या तळाचा जुना गंजही इथेनॉल सोडवून फिल्टरकडे आणते. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत ते हवेतला ओलावा ओढते आणि तळाशी पाणी साचते. अशी गाडी ठेवायची असेल तर पेट्रोलचे सगळे होस नव्या जातीच्या रबराचे घालावेत आणि कार्बोरेटरचा मुख्य जेट जाणकाराकडून थोडा मोठा करून घ्यावा. होसच्या गळतीबाबत तर चालढकल करूच नये, कारण गळणारे पेट्रोल थेट गरम एक्झॉस्टवर पडू शकते.

शेवटी पूर्ण दुरुस्तीचा प्रश्न येतो, आणि इथे जुन्या बिडाच्या ब्लॉकचा फायदा दिसतो. निर्णय कॉम्प्रेशनवर घ्यावा. इंजिन गरम, तिन्ही प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. असे मोजल्यावर आकड्यापेक्षा तिघांतला फरक महत्त्वाचा. एक किलोपेक्षा जास्त तफावत असेल तर कमी दाखवणाऱ्या सिलिंडरात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष रिंग-बोअरचा, जैसे थे राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. बोअर झिजले असतील तर लेथवाल्याकडून पाव किंवा अर्धा मिलिमीटर वाढवून त्या मापाचे पिस्टन घालता येतात. मोजमाप पिस्टनच्या चालीच्या वरच्या टोकाशी घ्यायचे, कारण झीज तिथेच सर्वांत जास्त असते, आणि दोन दिशांनी घ्यायचे, कारण बोअर गोल न राहता लांबट होतो. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर कापू नये. प्रत्येक पिस्टन मोजून त्या त्या सिलिंडरला फट ठेवावी लागते. क्रँकवर ओरखडे असतील तर तो घासून कमी मापाचे शेल बसतात. बांधणीनंतरचे पहिले ऑइल पाचशे किलोमीटरच्या आत काढून टाकावे, कारण नव्या रिंगांनी भिंतीवरून खरवडलेला सगळा धातू त्यातच असतो.